एका गाण्याचे अनेक धनी

पेटी हें वाद्य आमच्या वाचकांस नवें नाहीं. भजनांत, कीर्तनांत, संगीत नाटकांत आणि घरोघरच्या शिकवणींत तिचा भाता कित्येक पिढ्या हालत आलेला आहे. परंतु याच जातीच्या वाद्यानें अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या एका जगप्रसिद्ध गाण्यास साथ केलेली आहे, हें पुष्कळांच्या ऐकिवांत नसेल. १९२५ सालच्या जानेवारीच्या १४ व्या तारखेस न्यूयॉर्क शहरीं कोलंबिया कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहांत तिघे जण एकत्र आले. बेसी स्मिथ ही गायिका, कॉर्नेट नांवाचें लहानसें पितळी वाद्य फुंकणारा तेवीस वर्षांचा लुई आर्मस्ट्राँग, आणि हार्मोनियमवर फ्रेड लाँगशॉ. ध्वनिमुद्रणांत विजेचा शिरकाव तोंवर झालेला नव्हता. भल्या मोठ्या कर्ण्यांत गावयाचें आणि त्या आवाजाच्या धक्क्यानें सुईनें मेणावर रेघ काढीत जावयाचें, अशी ती रीत होती. तीन मिनिटांहून किंचित् अधिक लांबीची ती तबकडी आज शंभरी ओलांडून गेली आहे. ती लावली कीं प्रारंभापासूनच पेटीचा लांब, उदास स्वर कानीं येतो. त्यावर बाईचा भरदार आवाज चढतो. आणि तिची प्रत्येक ओळ संपली कीं कॉर्नेट तिला उत्तर देतें. बुवांची ओळ झेलून धरणारा चांगला साथीदार ज्यांनीं कीर्तनांत ऐकला आहे, त्यांस या जुगलबंदीची गोडी समजावून सांगावयास नको.

या गाण्याचें नांव ‘सेंट लुइस ब्ल्यूज’. तें १९१४ सालीं छापलें गेलें, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत सर्वांत अधिक वेळां मुद्रित झालेल्या गाण्यांत त्याची गणना होते. एकच गाणें इतक्यांच्या कंठांतून गेलें म्हणजे तें मूळचें कोणाचें आणि अखेर कोणाचें झालें, हा प्रश्न सहजच पुढें येतो. हा नुसता रसिकांच्या बैठकींतला वाद नव्हे. त्यांत पैसा आहे. आणि ज्यांच्या आईबापांस कायद्यानें गुराढोरांप्रमाणें विकलें जात होतें, अशा समाजांत तो पैसा कोणाच्या हातीं लागला आणि कोणाच्या लागला नाहीं, ही गोष्ट लहान म्हणतां येत नाहीं. म्हणून या गाण्याची हकीकत आम्ही थोड्या विस्तारानें सांगणार आहों.

गाण्याचा कर्ता विल्यम क्रिस्तोफर हँडी. अलाबामा संस्थानांतील फ्लोरेन्स गांवीं, लाकडी ओंडक्यांच्या घरांत, १८७३ सालच्या नोव्हेंबरांत त्याचा जन्म झाला. गुलामगिरी कायद्यानें नष्ट होऊन त्या वेळीं आठच वर्षें लोटलीं होतीं. वडील मेथॉडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. वाद्यें हीं सैतानाचीं खेळणीं, असें त्यांचें ठाम मत. मुलानें रानांतलीं फळें वेंचून आणि विकून, घरीं साबण करून, पै पै जमविली आणि एक गिटार आणली. वडिलांनीं ती तशीच दुकानांत परत पाठविली आणि तिच्या मोबदल्यांत इंग्रजी शब्दकोश घ्यावयास लाविलें! हा प्रसंग वाचतांना आमच्या कित्येक वाचकांस आपल्या आजोबा-पणजोबांची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. नाटकांत गेलेला मुलगा आणि हातचा गेलेला मुलगा यांत भेद न करणारीं घरें आमच्याकडेहि थोडीं नव्हतीं.

हा मुलगा अर्थात् हातचा गेलाच. शिक्षकाच्या परीक्षेस तो उतरला, पण पगाराचा आंकडा पाहून लोखंडी नळांच्या कारखान्यांत कामास लागला. आणि १८९२ च्या सुमारास चौघांची गायनमंडळी करून शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाकडे निघाला. तेथें पोंचल्यावर कळलें कीं प्रदर्शन एक वर्ष पुढें गेलें आहे. मंडळी हिंडत हिंडत सेंट लुइस शहरीं आली आणि पोटास न मिळून फुटली. हँडी मिसिसिपी नदीच्या धक्क्यावर दगडी फरसबंदीवर उघड्यांत निजूं लागला. दिवस मावळला कीं आजची रात्र कोठें काढावी ही भीति पोटांत उभी राही, आणि हीच भीति पुढें त्याच्या गाण्याच्या तोंडीं आली. त्या शहरींच एके रात्रीं नवऱ्यानें टाकलेली एक बाई झोंकांड्या खात, आपल्या धन्याच्या दगडी काळजाविषयीं पुटपुटत अंधारांतून जातांना त्यानें पाहिली. तिचे शब्द त्यानें मनांत बांधून ठेविले. तिचें नांव मात्र कोणीं विचारलें नाहीं.

यानंतरचीं दहा वर्षें आम्ही भरभर ओलांडतों. फिरत्या तमाशेवजा कंपनीचा वाद्यप्रमुख म्हणून तो देशभर हिंडला. १९०० सालीं क्यूबा बेटास जाऊन तेथील हाबानेरा नांवाचा डुलणारा ताल त्यानें कानांत सांठवून आणला. कांहीं काळ विद्यालयांत संगीत शिकविलें. आणि १९०३ च्या सुमारास मिसिसिपी संस्थानांत क्लार्क्सडेल या गांवीं कृष्णवर्णीय वादकांच्या वाद्यवृंदाचा नायक होऊन राहिला. क्लार्क्सडेल हें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. तें पुन्हां येणार आहे.

या मुलखांतच दोन प्रसंग असे घडले कीं ज्यांमुळें हा पाश्चात्त्य स्वरलेखन शिकलेला, मोर्चे आणि वॉल्ट्झ वाजविणारा मनुष्य आपल्याच लोकांच्या गाण्याकडे वळला. पहिला टटवायलर नांवाच्या आडगांवच्या आगगाडीच्या स्टेशनावरचा. गाडी तासन् तास उशिरा होती. हँडी फलाटावर पेंगत होता. जाग आली तों शेजारीं फाटक्या कपड्यांचा, बोटें बुटांतून बाहेर आलेला एक कृष्णवर्णीय मनुष्य गिटार वाजवीत होता. तारांवर तो बोटांऐवजीं चाकूचें पातें दाबून सरकवीत असे आणि एकच ओळ तीन तीन वेळां गाई. दोन लोहमार्ग एकमेकांस छेदतात त्या ठिकाणीं आपण निघालों आहों, एवढाच तिचा अर्थ. आपण ऐकलेल्या संगीतांत याहून विलक्षण कांहीं नव्हतें, असें हँडीनें पुढें आपल्या आत्मचरित्रांत लिहिलें. दुसरा प्रसंग क्लीव्हलँड नांवाच्या मिसिसिपींतीलच एका लहान गांवचा. नाचाच्या समारंभांत हँडीचा वाद्यवृंद वाजवीत असतां श्रोत्यांनीं विचारलें, आमच्या गांवच्या तिघांस थोडा वेळ वाजवूं द्याल काय? एक मोडकी गिटार, एक मँडोलिन आणि एक झिजलेलें मोठें फिडल घेऊन तिघे पुढें आले आणि तेंच तें चालीचें एक आवर्तन पुनःपुन्हां घोळवूं लागले. नाचणारांनीं त्यांच्या पायांशीं रुपेरी डॉलरांचा पाऊस पाडला. हँडीच्या सर्व मंडळीस त्या रात्रीं ठरलेली बिदागी जेवढी, त्याहून अधिक धन त्या तिघांपुढें पडलें होतें. त्या संगीतांतलें सौंदर्य आपणांस तेव्हां दिसलें, असें तो सांगतो. डॉलर पाहून सौंदर्य दिसणें हें कोणास हलकें वाटेल; परंतु हँडीनें तें लपविलें नाहीं हा आम्ही त्याचा मोठेपणा समजतों.

ब्ल्यूज म्हणजे काय, हें येथें सांगावयास पाहिजे. चार चार मात्रांच्या बारा खंडांचें हें एक आवर्तन असतें. शब्दांच्या ओळी तीन: पहिली म्हणावयाची, तीच बहुधा जशीच्या तशी पुन्हां म्हणावयाची, आणि तिसरींत तिचा उलगडा करावयाचा. ओळ आपल्या वांट्याचे चारहि खंड भरून काढीत नाहीं. ती मध्येंच थांबते आणि उरलेली जागा वाद्यानें भरावयाची असते. याहून महत्त्वाची गोष्ट स्वरांची. गंधार आणि निषाद हे दोन स्वर ही मंडळी धड कोमलहि लावीत नाहींत आणि धड शुद्धहि लावीत नाहींत. दोहोंमधल्या जागेवर, किंवा एकावरून दुसऱ्यावर घसरत ते लावतात. श्रुतींचा वाद ज्यांनीं ऐकला आहे, आणि आमच्या संगीतास न मानवणारें वाद्य म्हणून १९४० पासून १९७१ पर्यंत ऑल इंडिया रेडिओनें पेटीस दाराबाहेर ठेविलें होतें हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस यांतलें मर्म तात्काळ कळेल. पाश्चात्त्य स्वरलेखनांत या मधल्या स्वरास चिन्हच नाहीं. हँडीनें तोड काढली ती अशी कीं कोमल गंधार लिहावयाचा आणि लागलाच तो शुद्धाकडे सरकवावयाचा. कागदावर ती केवळ खूण. खरा स्वर गाणाराच्या गळ्यावर सोपविलेला.

आतां मेंफिस शहरची हकीकत. १९०९ च्या सुमारास हँडी तेथें येऊन राहिला आणि क्रंप नांवाच्या पुढाऱ्याच्या निवडणुकीसाठीं त्यानें एक चाल बांधली. तिलाच पुढें ‘मेंफिस ब्ल्यूज’ असें नांव देऊन १९१२ सालीं त्यानें ती पदरच्या खर्चानें छापविली. प्रती खपत नाहींत, असें व्यापाऱ्यांनीं त्यास भासविलें, आणि त्यानें ५० डॉलरांस सर्व हक्क विकून टाकले. विकत घेणारानें दुसऱ्याकडून शब्द लिहवून घेतले आणि गाणें देशभर गाजलें. हँडीस त्यांतून पुढें दमडी मिळाली नाहीं. त्या काळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणें स्वामित्वाची पहिली मुदत २८ वर्षांची. ती संपल्यावर १९४० सालीं तें गाणें त्याच्याकडे परत आलें, तेव्हां तो सदुसष्टाव्या वर्षांत होता.

या ठोकरीनें त्यास जें शिकविलें त्याचें फळ म्हणजे ‘सेंट लुइस ब्ल्यूज’. हॅरी पेस या बँकेंत नोकरीस असलेल्या, अटलांटा विद्यापीठाच्या पदवीधर मित्राबरोबर त्यानें प्रकाशनाची पेढी काढली. म्हणजे यापुढें गाणें रचणारा आणि गाणें विकणारा एकच. मग घरच्या मुलाबाळांच्या गडबडींतून उठून त्यानें बील स्ट्रीटवर एक खोली भाड्यानें घेतली आणि तेथें बसून हें गाणें लिहिलें. १९१४ च्या सप्टेंबरांत तें प्रसिद्ध झालें.

गाण्याची बांधणी आम्हांस फार चतुर वाटते. प्रारंभीं बारा खंडांचें ब्ल्यूजचें आवर्तन. त्यांत टाकलेली स्त्री सूर्यास्ताकडे पाहून आपलें दुःख सांगते. मग एकदम सोळा खंडांचा मधला भाग, तो हाबानेराच्या तालावर आणि कोमल स्वरांच्या ठाठांत: सेंट लुइसची ती हिऱ्यांच्या आंगठ्या घालणारी, पावडर आणि खोटे केंस लावणारी नखरेल बाई, जिनें हिचा नवरा ओढून नेला, ती येथें डुलत डुलत प्रवेश करते. नाचणारांस चकवावें म्हणून हा ताल आपण घातला, असें हँडी म्हणे. शेवटीं पुन्हां ब्ल्यूज, आणि त्यांत त्याच्या लहानपणच्या देवळांतील धर्मगुरूंच्या हाकेचा सूर मिसळलेला. धक्क्यावरची बाई, स्टेशनावरचा भिकारी गवई, क्यूबाचा ताल, बापाचें देऊळ, सर्व कांहीं दोन-तीन पानांच्या छापील कागदांत आलें.

याच ठिकाणीं आक्षेप निघतो. यांत हँडीचें स्वतःचें काय? १९३८ सालीं जेली रोल मॉर्टन या नामांकित पियानोवादकानें ‘डाउन बीट’ या नियतकालिकांत संतापून लिहिलें कीं हँडी हा कसला जनक, हें सर्व संगीत त्याच्या आधींचें आहे. नभोवाणीवरील एका कार्यक्रमांत हँडीस जॅझ आणि ब्ल्यूज यांचा उत्पादक म्हटल्याचा त्यास राग आला होता. (जॅझ आपणच निर्माण केला, असें मॉर्टनचें म्हणणें, तेव्हां त्याची साक्ष अगदींच निरपेक्ष नव्हे.) आमच्या मतें ‘जनक’ हें बिरुद हँडीस शोभत नाहीं, आणि आत्मचरित्राच्या मुखपृष्ठावर त्यानें तें मिरविलें नसतें तर बरें झालें असतें. पण तो चोर नव्हता. कोणापासून काय घेतलें हें त्यानें स्वतःच ठिकाण सांगून लिहून ठेविलें. नाहीं तर टटवायलरची ती रात्र आज कोणास ठाऊक असती? संग्राहक आणि कर्ता यांच्या सीमेवर तो उभा आहे. ओव्या पाठ असणाऱ्या शेंकडों बाया आणि त्या ओव्यांतून एक पद उभें करणारा कवि यांत जें अंतर, तेंच येथेंहि आहे.

गाणें आरंभीं फारसें चाललें नाहीं. १९१५ च्या अखेरीस कोलंबिया कंपनीच्या प्रिन्स यांच्या वाद्यवृंदानें त्याची पहिली तबकडी केली. तींत शब्द नाहींत, नुसतें वादन. एथेल वॉटर्स ही पुढें फार मोठी झालेली नटी आपण १९१७ च्या सुमारास बाल्टिमोर येथें रंगभूमीवर तें प्रथम गाइलें असें सांगे. परंतु गाण्यास बाजार मिळवून दिला तो गोऱ्या गायकांनीं. १९१९ मध्यें अल बर्नार्डनें तें मुद्रित केलें. १९२० मध्यें मॅरियन हॅरिस या गोऱ्या गायिकेनें, पूर्वीची कंपनी हें गाणें गाऊं देईना म्हणून, ती कंपनी सोडली आणि कोलंबियाकडे येऊन तें गाइलें. ती इतकें हुबेहूब गाई कीं तबकडी ऐकणारे तिला कृष्णवर्णीय समजत, असा शेरा खुद्द हँडीनें दिला आहे. कृष्णवर्णीय स्त्रियांकडून ब्ल्यूज गाऊन घ्यावे आणि विकावे ही कल्पना कंपन्यांस सुचली ती त्याच वर्षीं, मॅमी स्मिथची तबकडी अफाट खपल्यानंतर.

एकच गाणें इतक्या कंपन्यांकडून इतक्यांनीं गावें हें शक्य झालें तें एका कायद्यामुळें. स्वयंचलित पियानोंसाठीं भोंकें पाडलेल्या कागदाच्या गुंडाळ्या निघूं लागल्या, तेव्हां कर्त्यास त्यांचा मोबदला मिळावा कीं नाहीं असा तंटा अमेरिकेंत उत्पन्न झाला. १९०९ च्या कायद्यानें त्याचा निवाडा असा केला: कर्त्याच्या संमतीनें गाणें एकदां यंत्रावर चढलें कीं पुढें कोणीहि तें पुन्हां मुद्रित करावें, कर्त्यास नकार देतां येणार नाहीं, मात्र दर प्रतीमागें २ सेंट त्यास पोंचले पाहिजेत. हा दर १९७७ च्या अखेरपर्यंत तसाच होता. म्हणजे दुसऱ्याचें गाणें आपल्या तऱ्हेनें गाण्याची मुभा आणि कर्त्याची मिळकत, या दोहोंची सोय एकाच कलमानें लागली. हँडीनें आपले हक्क पेढींत सांभाळून ठेविले होते. त्यामुळें कोणीहि गावो, चांगलें गावो कीं वाईट, २ सेंट त्याच्या घरीं चालत येत. या एका गाण्यानें त्यास आयुष्याच्या अखेरपर्यंत सुखवस्तु ठेविलें.

या कलमांत गाणाराचें नांव नाहीं. आणि येथें आम्ही पुन्हां बेसी स्मिथकडे येतों.

टेनेसींतील चाटानूगा गांवची ही पोरकी मुलगी रस्त्याच्या कडेला गाऊन वाढली. १९२३ मध्यें कोलंबिया कंपनीशीं तिचा करार झाला. विक्रीवरील हिस्सा तिला नव्हता. एका बाजूस ठराविक रक्कम मिळे, ती प्रथम १२५ डॉलर होती. त्या काळीं कृष्णवर्णीय गायिकेस ही रक्कम लहान नव्हे, आणि बेसी आपल्या काळची सर्वांत अधिक बिदागी घेणारी कृष्णवर्णीय गायिका होती, हेंहि सांगितलें पाहिजे. पण तिच्या तबकड्या लाखोंनीं खपल्या, आणि त्या लाखांशीं तिचा संबंध उरला नाहीं.

तिनें या गाण्याचें काय केलें? पहिली गोष्ट, तिनें त्याची लय अगदीं संथ केली. तोंवर हें नाचाचें गाणें होतें. हाबानेराचा तो डौल, जो हँडीनें एवढ्या हौसेनें घातला होता, तो तिच्या तबकडींत जवळजवळ विरघळून गेला आहे. नखरेल सवतीचें वर्णनहि ती थट्टेनें करीत नाहीं, थकव्यानें करते. सवतीचा प्रवेश गाण्यांतून गेला आणि राहिली ती एकटी बाई. पेटीचे स्थिर स्वर खालीं पसरलेले, आणि त्यांच्या फटींतून तो मधला गंधार ती ओढीत नेते. ज्या वाद्यांत ती श्रुति नाहीं त्याच्याच शेजारीं ती लावल्यामुळें ती अधिक बोंचते. कागदावर जी खूण होती ती येथें प्रथम स्वर झाली, असें आमचें मत आहे. कर्ता हँडी खरा; परंतु पुढील शंभर वर्षें लोकांनीं जें गाणें मनांत धरलें तें बेसीचें.

१९२९ मध्यें याच नांवाचा सोळा मिनिटांचा बोलपट निघाला. त्याच्या संगीतांत हँडीचा हात होता आणि नायिका बेसी. तिचें हलतें-बोलतें चित्र जगांत एवढेंच. जुगार, दारू आणि मारपीट यांवांचून कृष्णवर्णीयांच्या जीवनांत कांहीं नाहीं असें दाखविणारें त्यांतलें कथानक आम्हांस अगदीं हीन वाटतें. पण दारूच्या गुत्त्यांत एकटी उभी राहून ती गाऊं लागते आणि भोंवतालचे सर्व लोक वृंदगानानें तिला साथ देतात, तीं मिनिटें विसरतां येत नाहींत.

त्यानंतर गाणें ज्याच्या त्याच्या हातीं गेलें. फॅट्स वॉलरनें १९२६ मध्येंच तें देवळांत असतो तशा मोठ्या ऑर्गनवर वाजविलें होतें. १९३२ त बिंग क्रॉस्बीनें ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाबरोबर गाइलें. १९३५ त टेक्ससच्या बॉब विल्सनें त्यास गुराख्यांचा पेहराव चढविला. १९३७ त पॅरिस येथें जँगो राइनहार्टनें गिटारीवर त्याची लहानशी नक्षी काढली. जर्मनांनीं फ्रान्स व्यापल्यावर अमेरिकन नांवें वर्ज्य झालीं, तेव्हां वादकांनीं याच गाण्यास ‘संत लुईची व्यथा’ असें फ्रेंच राजर्षीचें नांव देऊन तें चालू ठेविलें, अशी गोष्ट सांगतात. १९४३ मध्यें ग्लेन मिलरच्या लष्करी वाद्यवृंदानें त्याचें संचलनगीत केलें. नवरा गेल्याचें दुःख हजार बुटांच्या तालावर! तें ऐकावयास खटकेबाज आहे, हें नाकबूल करतां येत नाहीं. पण असला वेष कोणत्याहि गाण्यास चढवितां आला असता.

आमच्या देशाशीं या मंडळींचा एक धागा जुळलेला आहे. १९२६ मध्यें शिकागोंत आर्मस्ट्राँगच्या जोडीस एरस्किन टेटच्या वाद्यवृंदांत पियानो वाजविणारा टेडी वेदरफोर्ड पुढें पूर्वेकडे आला, आणि १९३० नंतरच्या त्या दशकांत मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत त्याचें वादन होत असे. १९४५ मध्यें कलकत्त्यास पटकीनें त्याचा अंत झाला. या अमेरिकन वादकांच्या शेजारीं बसून जॅझ शिकले ते मुख्यतः गोमंतकीय ख्रिस्ती वादक; कारण पाद्र्यांच्या शाळांतून स्वरलेखनाचें शिक्षण त्यांस आधींच मिळालेलें असे. त्यांपैकीं हळदोण्याचा आंतोनिओ शाव्हिएर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हा तर हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणूनच ओळखला जाई. आमचे सी. रामचंद्र ऊर्फ चितळकर यांच्या १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटाच्या संगीतांत त्याचा वांटा आहे. त्यांतील कर्ण्याचा तो उसळता सूर ज्यांच्या कानांत आहे, त्यांस आर्मस्ट्राँगची तबकडी परकी वाटणार नाहीं.

खुद्द आर्मस्ट्राँगनें हें गाणें पुनःपुन्हां वाजविलें. १९५४ मध्यें त्यानें हँडीच्या गाण्यांची एक संपूर्ण मोठी तबकडी केली. तींत हें गाणें जवळजवळ नऊ मिनिटें चालतें, आणि बेसीच्या वेळचा तेवीस वर्षांचा पोरगा आतां पन्नाशी उलटलेला, जगभर ओळखला जाणारा वादक झालेला आहे. हँडी तेव्हां अंध होता. पूर्वींच अधू झालेली त्याची दृष्टि १९४३ मध्यें भुयारी रेल्वेच्या फलाटावरून पडल्यानें कायमची गेली होती. १९५६ च्या जुलैंत न्यूयॉर्कच्या लुइसन स्टेडियमवर लेनर्ड बर्नस्टाइनच्या नेतृत्वाखालील मोठ्या वाद्यवृंदासह आर्मस्ट्राँगनें हें गाणें वाजविलें. श्रोत्यांत हँडी बसला होता. त्या प्रसंगाचें चित्रण झालेलें आहे. टोपी उतरून तो वृद्ध रुमालानें डोळे टिपतांना त्यांत दिसतो. १९५८ च्या मार्चच्या २८ व्या तारखेस तो वारला, आणि हार्लेममधील रस्त्यांवर दीड लाख लोक जमल्याचा अंदाज वृत्तपत्रांनीं दिला. त्याच्या चरित्रावरील चित्रपट, गाण्याच्याच नांवाचा, त्यानंतर थोड्याच दिवसांत प्रदर्शित झाला. हँडीची भूमिका नॅट किंग कोलनें केली होती.

बेसीची अखेर एकवीस वर्षें आधीं झालेली होती. मंदीच्या काळांत ब्ल्यूजचा बाजार बसला, १९३१ मध्यें कोलंबियानें तिला सोडलें, आणि ती पुन्हां गांवोगांवच्या तंबूंत गाऊं लागली. १९३७ च्या सप्टेंबरच्या २६ व्या तारखेस पहांटे मिसिसिपींतील हमरस्त्यावर मोटारीस अपघात होऊन तिचा हात जवळजवळ तुटला. तिला जवळच्या गांवीं कृष्णवर्णीयांच्या रुग्णालयांत नेलें. तेथें ती वारली. तें गांव क्लार्क्सडेल. गोऱ्यांच्या रुग्णालयानें दारांतून परत लाविलें म्हणून ती मेली, अशी बातमी त्या वेळीं पसरली आणि अजूनहि सांगितली जाते. ती खरी नव्हे, हें पुढें त्या जागीं हजर असलेल्या डॉक्टरानेंच स्पष्ट केलें. तिच्या अंत्ययात्रेस फिलाडेल्फिया शहरीं हजारों लोक लोटले, पण थडग्यावर दगड बसला नाहीं. तेहतीस वर्षें ती जागा बिननांवाची पडली होती. १९७० मध्यें जॅनिस जॉप्लिन ही गोरी गायिका आणि लहानपणीं बेसीच्या घरीं कामास असलेली ज्वानिटा ग्रीन यांनीं मिळून खर्च केला, तेव्हां तेथें नांव कोरलेला दगड उभा राहिला.

हँडीच्या स्वामित्वाची मुदत, मधल्या कायद्यांनीं वाढत वाढत, १९८९ च्या अखेरीस अमेरिकेंत संपली. १९९० पासून तेथें हें गाणें कोणीहि गावें, कोणास विचारावयाचें कारण नाहीं आणि २ सेंटहि द्यावयाचे नाहींत. १९९८ मध्यें पियानोवादक हर्बी हँकॉकनें स्टीव्ही वंडरकडून तें गाऊन घेतलें, तेव्हां गाणारानें चाल इतकी वांकविली आहे कीं हँडीचा कागद पुढें ठेवून ती जुळवूं पाहणाऱ्याची फजिती व्हावी. आणि तो मधला गंधार मात्र जेथल्या तेथें आहे. ज्या वाचकांस या सर्व रूपांची परीक्षा स्वतः घ्यावयाची असेल, त्यांनीं क्रमवारीच्या भानगडींत न पडतां १९२५ ची तबकडी प्रथम ऐकावी, ती दोनदां ऐकावी, आणि मग ग्लेन मिलरचें संचलन लावावें.